सगळे समान, तर राखीव डबा कशाला?

सकाळच्या गर्दीत लेडीज स्पेशल फलाटावर लागते, बायका चढतात आणि पुरुष मागच्या गाडीची वाट पाहत उभे राहतात. अशा वेळी बोरिवलीपासून दादरपर्यंत कुठेही एक प्रश्न ऐकू येतो: ‘बरोबरीचे हक्क हवेत ना, मग वेगळी गाडी कशाला?’ पश्चिम रेल्वेने पहिली लेडीज स्पेशल 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी सोडली. तेव्हापासून हा प्रश्न लोकलच्या वेळापत्रकासारखा रोजचा झाला आहे.

तो चिडून विचारला जातो, म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. समतेची बाजू घेणारे म्हणतात की जन्म, जात, लिंग, पैसा यांपैकी कशाच्याही जोरावर कुणाला खास वागणूक मिळू नये. मग तेच लोक राखीव डबा, राखीव जागा आणि राखीव प्रभागही मागतात. ज्याला विरोध करायचा तेच मागायचं, असं हे वरवर दिसतं.

या प्रश्नाच्या पोटात खरं तर तीन वेगळे आक्षेप आहेत. पहिला: समतेच्या नावाखाली तुम्ही नवा भेदभावच करता. दुसरा: विशेषाधिकारांवर टीका करणारे बहुतेक जण स्वतःच सुस्थितीत असतात, तर त्यांचं का ऐकावं? तिसरा: समता आणायची तर कुणाच्या तरी हाती जास्त सत्ता द्यावी लागते, म्हणजे विशेषाधिकार पुन्हा आलेच. चहाच्या टपरीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत हे आक्षेप मांडले गेले आहेत. म्हणून एकेक करून नीट पाहू.

विसंगती कशाला म्हणायचं?

एखादं म्हणणं स्वतःलाच खोडतं असं ठरवायला एक अट पुरी व्हावी लागते. एकच गोष्ट, एकाच अर्थाने, मान्यही केलेली असली पाहिजे आणि नाकारलेलीही. ‘ही गाडी फास्ट आहे’ आणि ‘ही गाडी सगळ्या स्टेशनांवर थांबते’ ही वाक्यं एकमेकांविरुद्ध वाटतात. पण गाडी अंधेरीपर्यंत फास्ट आणि पुढे बोरिवलीपर्यंत स्लो असेल, तर दोन्ही खरी ठरतात. ती गाडीच्या वेगवेगळ्या टप्प्यांबद्दल बोलतात, इतकंच.

समतेबाबतही हेच तपासायला हवं. ‘सर्वांना समान वागवा’ आणि ‘काहींसाठी वेगळी सोय करा’ ही दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीबद्दल आहेत का? असतील तर आक्षेप खरा. नसतील तर दुसरं वाक्य पहिल्याला खोडत नाही. उलट पहिलं प्रत्यक्षात आणण्याचा तो मार्गही असू शकतो.

समता, पण कशाची?

अमर्त्य सेन यांनी 1979 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानाचा विषयच ‘समता, पण कशाची?’ असा होता. पुढच्या लेखनात त्यांनी दाखवलं की समाज कसा असावा याबद्दल बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण कशाची ना कशाची समता मागतच असतो. कुणी उत्पन्नाची मागतो, कुणी संधीची. आपल्या मालमत्तेला सरकारने हात लावू नये म्हणणाराही मालमत्तेच्या हक्काची समताच मागत असतो. माणसं मात्र एकसारखी नसतात. त्यांची ताकद, प्रकृती, गरजा, जबाबदाऱ्या वेगळ्या असतात. त्यामुळे एका बाबतीत सगळ्यांना काटेकोर समान केलं की दुसऱ्या एखाद्या बाबतीत विषमता दिसू लागते. समतेला हे टाळता येत नाही. तिला फक्त निवडता येतं की कोणत्या बाबतीतली समता जास्त मोलाची.

हे लोकलवर लावून पाहू. बोरिवली–चर्चगेट सेकंड क्लासचा पास स्त्री-पुरुष दोघांनाही एकाच दरात मिळतो. ही भाड्याची समता. दार सर्वांना उघडं, जो घुसेल तो आत. ही दाराची समता. आता गर्दीच्या वेळी या दोन समतांचं काय होतं ते बघा. पिळदार शरीराचा तरुण आत जातो. सातवा महिना लागलेली बाई, गुडघे दुखणारी शिक्षिका, गर्दीतल्या नको त्या स्पर्शांनी हैराण झालेली कॉलेजची मुलगी फलाटावर राहते. भाडं समान, दारही समान, पण कामावर सुखरूप पोचण्याची शक्यता समान नाही. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या गाडीचा हेतू लोकांना पोचवणं हा असेल, तर पोचण्याच्या शक्यतेची समता दाराच्या समतेपेक्षा महत्त्वाची ठरते. राखीव डबा तिच्यासाठी आहे.

रेल्वेच्या कायद्यालाही हे जुनंच ठाऊक आहे. 1890च्या कायद्यात स्त्रियांसाठी वेगळ्या डब्याची तरतूद होती. सध्याच्या 1989च्या रेल्वे कायद्याच्या कलम 58मध्ये ती आहे आणि स्त्रियांच्या डब्यात घुसणाऱ्या पुरुषाला कलम 162खाली दंड होतो.

याच गाडीत दिव्यांग आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठीही डबा असतो. त्याला ‘विशेषाधिकार’ म्हणून नावं ठेवणारा माणूस क्वचितच भेटेल. म्हणजे वेगळी सोय असावी की नसावी, याबद्दल आपल्यात खरा वाद नाहीच. वाद आहे तो कुणाची गरज खरी, किती खरी आणि तिच्यासाठी किती जागा राखायची याबद्दल. हा हिशेबाचा वाद आहे आणि तो जरूर घालावा. जेन्ट्स डब्यात पाय ठेवायला जागा नसलेल्या माणसाची तक्रारही खरी आहे. पण ती फेऱ्यांच्या संख्येची, डब्यांच्या वाटपाची तक्रार आहे. समतेचा विचार स्वतःला खोडतो, हे तिच्यातून सिद्ध होत नाही.

रुग्णवाहिका आणि लाल दिव्याची गाडी

मग विशेषाधिकार ओळखायचा कसा? पश्चिम द्रुतगती महामार्गावरचं एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. अंधेरीच्या उड्डाणपुलाखाली गाड्या तुंबल्या आहेत. मागून रुग्णवाहिका येते आणि लोक जमेल तशी वाट देतात. थोड्या वेळाने एका मान्यवरांच्या मोटारीसाठी तीच वाट मोकळी करायला सांगितलं जातं. दोन्ही वेळा बाकीच्यांना थांबावं लागलं, दोन्ही वेळा कुणाला तरी वेगळी वागणूक मिळाली. तरी पहिल्या वेळी मनात राग येत नाही आणि दुसऱ्या वेळी येतो.

हा राग केवळ मत्सर नाही, त्यामागे तर्क आहे. रुग्णवाहिकेला वाट का, याचं कारण थांबलेल्या प्रत्येकाला सांगता येतं आणि पटतंही. उद्या त्याच्या घरचं माणूस आत असेल तर त्यालाही तीच वाट मिळेल. मान्यवरांच्या मोटारीबाबत ‘ते मोठे आहेत’ एवढंच उत्तर उरतं. आपल्या देशात 1 मे 2017पासून राष्ट्रपती, पंतप्रधान आणि मंत्र्यांसह सर्व पदाधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरवले गेले, पण रुग्णवाहिका, अग्निशमन दल यांसारख्या तातडीच्या वाहनांचे दिवे राहिले. हाच फरक त्या निर्णयाने ओळखला.

यावरून एक व्याख्या करता येते. जो फायदा एखाद्याला मिळतो, पण ज्यांना त्याची झळ बसते त्यांच्यासमोर त्याचं पटण्याजोगं कारण मांडता येत नाही, तो विशेषाधिकार. समतेचा युक्तिवाद अशा फायद्याविरुद्ध आहे. वेगळेपणाविरुद्ध तो कधीच नव्हता.

आपल्या राज्यघटनेचं कलम 14 कायद्यापुढे सर्वांना समान मानतं. त्याचा अर्थ लावताना न्यायालयांनी जवळपास हीच कसोटी घडवली आणि तिच्या जडणघडणीत मुंबईचा एक खटला महत्त्वाचा आहे. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या 1949च्या दारूबंदी कायद्याला एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिलं होतं. 1951मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात कलम 14ची तत्त्वं मांडली आणि सैन्यासाठी ठेवलेली सूट मान्य केली. लोकांचे वेगवेगळे वर्ग करायला हरकत नाही, हे तत्त्व पुढच्या निकालांतून आणखी स्पष्ट झालं. त्याच्या दोन अटी आहेत. वर्ग पाडण्याला समजेल असा आधार हवा आणि त्या आधाराचा कायद्याच्या उद्दिष्टाशी संबंध हवा.

करोनाच्या काळात मुंबईने ही कसोटी अंगावर घेतली. 15 जून 2020पासून लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. रुग्णालयातला वॉर्डबॉय आणि पालिकेचा सफाई कामगार गाडीत चढू शकत होते. मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्याला ती मुभा नव्हती. एरवीची उतरंड उलटी झाली, पण तिचं कारण सगळ्यांना कळत होतं.

खोट असलेला तराजू

तरी शंका उरते. रुग्णवाहिकेची वाट दोन मिनिटांची असते. शिक्षणातलं, नोकरीतलं, निवडणुकीतलं आरक्षण वर्षानुवर्षं चालतं. तेही याच कसोटीत बसतं का?

बाजारातला जुना तराजू आठवा. त्याचं एक पारडं मुळातच जड असतं. अशा तराजूवर प्रामाणिक व्यापारी हलक्या पारड्यात पासंग टाकतो आणि काटा मध्यावर आणतो. फक्त पासंगाकडे पाहणाऱ्याला वाटेल की एका पारड्यात जास्तीचं वजन टाकलं, लबाडी झाली. पण पासंग काढला तर माप खोटं पडतं. तराजूची खोट विसरली की दुरुस्तीच पक्षपात वाटू लागते.

घटनासमितीत 30 नोव्हेंबर 1948 रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या गुंत्याला थेट हात घातला. सर्वांना समान संधी हवी, हे एक मत. ज्यांना आजवर प्रशासनात शिरूच दिलं नाही त्यांच्यासाठी तरतूद हवी, हे दुसरं. दोन्ही मतं खरी आहेत, म्हणून त्यांचा मेळ घालायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. मेळ कसा घालायचा, हेही त्यांनी सांगितलं. सत्तर टक्के जागा राखीव झाल्या आणि तीसच खुल्या उरल्या, तर समान संधीच्या तत्त्वाला अर्थ राहणार नाही. म्हणून राखीव जागा कमी हिश्शाच्या असाव्यात, असा त्यांचा युक्तिवाद होता. पासंग टाका, पण तो मालापेक्षा जड होऊ देऊ नका, असा याचा मथितार्थ.

महाराष्ट्रातल्या एका खटल्यात हा प्रश्न अगदी नेमका विचारला गेला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जळगाव नगरपालिकेत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवल्या होत्या. कलम 15 लिंगावरून भेदभाव करायला मनाई करतं, मग या जागा घटनाबाह्य नाहीत का, असं आव्हान मुंबई उच्च न्यायालयात आलं. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी निकालात म्हटलं की कलम 15चं तिसरं उपकलम स्त्रिया आणि मुलांसाठी खास तरतूद करायची मुभा देतं, त्यामुळे भेदभावाला मनाई करणारं उपकलम आणि हे, अशी दोन्ही उपकलमं एकत्र वाचली पाहिजेत. तशी वाचली तर सरकार स्त्रियांच्या बाजूने फरक करू शकतं, पुरुषांच्या बाजूने स्त्रियांविरुद्ध नाही.

त्याआधी 1951मध्ये मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जातवार जागावाटप रद्द केलं होतं आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने मागासवर्गांसाठी कलम 15(4) आलं. सुरुवातीला अशा तरतुदींकडे समतेच्या नियमाला दिलेला अपवाद म्हणून पाहिलं गेलं. केरळमधल्या कारकुनांच्या बढतीवरून निघालेल्या एन. एम. थॉमस खटल्यात न्यायालयाचा सूर बदलला. अशा तरतुदी समतेचाच भाग आहेत, असा दृष्टिकोन पुढे आला. अपवाद म्हटलं की विसंगतीचा वास येतो. समतेचा भाग म्हटलं की प्रश्न बदलतो आणि आपण विचारू लागतो की तराजूत खोट किती आहे आणि पासंग तेवढाच आहे का.

सगळ्यांना खाली ओढायचं का?

समतावाद्यांना वरच्याचं काढून घेण्यातच आनंद असतो, असा आरोप नेहमी होतो. तो तपासायला मध्य रेल्वेचं अलीकडचं उदाहरण पुरेसं आहे. ऑगस्ट 2022मध्ये कळवा आणि बदलापूरला प्रवाशांनी वातानुकूलित लोकलविरुद्ध आंदोलन केलं आणि त्यानंतर रेल्वेने वाढवलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या. वरवर पाहिलं तर गरिबाने श्रीमंताचा गारवा काढून घेतला. पण आंदोलकांची तक्रार काय होती? नेहमीच्या साध्या फेरीच्या जागी महाग तिकिटाची गाडी आली आणि साधा पास असलेल्यांची सोय गेली. फेऱ्या त्यांच्या वाट्यातून न कापता जादा सोडल्या असत्या, तर तक्रारीचा पायाच उरला नसता.

विशेषाधिकाराविरुद्धच्या युक्तिवादाचा कणा इथे दिसतो. दुसऱ्याकडे जास्त आहे, एवढ्याने तक्रार पुरी होत नाही. ते जास्त कुणाच्या वाट्यातून आलं, हे विचारावं लागतं. महात्मा फुल्यांनी 1882मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच हिशेब मांडला होता. सरकारी महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या कामी येतो, ही त्यांची तक्रार होती. त्यावर त्यांनी कुणाची शाळा बंद करा असं म्हटलं नाही. खेड्यापाड्यांत सर्वांना प्राथमिक शिक्षण द्या, असं म्हटलं.

राजाने समतेचं बोलावं का?

आता दुसरा आक्षेप. समतेवर भाषण देणारा स्वतः फर्स्ट क्लासचा पास काढतो, मुलांना महागड्या शाळेत घालतो. मग त्याचं म्हणणं खोटं नाही का?

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. बोलणारा प्रामाणिक आहे का, हा एक. तो जे म्हणतो ते खरं आहे का, हा दुसरा. सिगारेट ओढणाऱ्या डॉक्टरने ‘सिगारेट वाईट’ म्हटलं तर त्याच्या संयमावर शंका घेता येईल, त्याच्या निदानावर नाही. जी. ए. कोहेन या तत्त्वचिंतकाने 2000 साली एका पुस्तकाच्या नावातच विचारलं होतं की समतावादी असाल तर इतके श्रीमंत कसे? त्यांचा रोख समतेच्या विचाराला खोटं ठरवण्याकडे नव्हता. तो विचार मानणाऱ्यावर स्वतःच्या वागण्याची जबाबदारी येते, हे त्यांना दाखवायचं होतं.

महाराष्ट्राच्या इतिहासातलं मोठं उदाहरण तर याच्याही पुढे जातं. 26 जुलै 1902 रोजी कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांचा आदेश प्रसिद्ध झाला. सरकारी नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांना देण्याचा तो आदेश होता. शाहू महाराज स्वतः राजे होते. त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं आणि आदेश काढण्याची त्यांची ताकद गादीवरून आलेली होती. विशेषाधिकार वापरून त्यांनी विशेषाधिकार मोडले. याला विसंगती म्हणायचं, तर मग गादीवर बसून गप्प राहणारा राजा जास्त सुसंगत ठरेल! असा निष्कर्ष ज्या तर्कातून निघतो तो तर्क चुकलेला असतो. हाती असलेला फायदा टिकवण्यासाठी वापरणं आणि त्याचा पाया सुटा करण्यासाठी वापरणं या दोन वेगळ्या कृती आहेत.

समता राबवणाऱ्याची सत्ता

तिसरा आक्षेप असा की जागा कुणाला राखायच्या हे ठरवणारा शेवटी इतरांहून वर बसतोच. हा धोका खरा आहे आणि म्हणूनच लोकशाहीने त्यावर उपाय शोधले आहेत. मुंबई महापालिकेत 227 प्रभाग आहेत. राज्याने 2011मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. स्त्रियांसाठी कोणते प्रभाग राखीव, हे सोडतीने ठरतं. आयुक्ताच्या किंवा मंत्र्याच्या मर्जीवर ते सोडलेलं नाही. मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या प्रभागात वर्षानुवर्षं तळ ठोकून असलेल्या नेत्यालाही सोडतीत प्रभाग गेला की दुसरीकडे जावं लागतं. पदासोबत येणारे अधिकार ठरावीक कामापुरते, ठरावीक काळापुरते आणि जाब विचारता येण्याजोगे असले, तर ती जबाबदारी असते. त्या मर्यादा गळून पडल्या की तिचा विशेषाधिकार होतो.

खरी विसंगती कुठे शिरते

आतापर्यंत समतेच्या बाजूचा बचाव झाला. पण ही कसोटी प्रामाणिकपणे लावली, तर समतेच्या नावाने केलेल्या काही गोष्टी तिच्यात नापास होतात. त्या लपवणं समतेच्याच नुकसानीचं आहे.

पहिली जागा: पासंग चुकीच्या पारड्यात पडणं. आरक्षण एका वर्गासाठी ठेवायचं आणि त्या वर्गातल्या आधीच पुढे गेलेल्या घरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या घ्यायचं, तर मागे राहिलेल्यांसाठी काय उरलं? 16 नोव्हेंबर 1992च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गांचं 27 टक्के आरक्षण मान्य केलं, पण त्यातल्या पुढारलेल्या थराला, म्हणजे ‘क्रीमी लेयर’ला, वगळायला सांगितलं. एरवी आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवण्याची मर्यादाही या निकालाने पक्की केली. 1 ऑगस्ट 2024 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करायला राज्यांना मुभा दिली. वर्गाच्या आतही सगळे सारखे मागे नाहीत, ही त्यामागची जाणीव. या निकालांच्या तपशिलांवर मतभेद आहेत आणि राहतील. पण दोन्ही ठिकाणी समतेचा प्रश्न समतेच्या तरतुदीलाच विचारला गेला, हे महत्त्वाचं.

दुसरी जागा: संरक्षणाचा पिंजरा होणं. याचा धडाही मुंबईच्या एका खटल्यातून मिळतो. भारतीय दंडसंहितेच्या कलम 497खाली व्यभिचारासाठी फक्त पुरुषाला शिक्षा होत असे, स्त्रीला नाही. युसूफ अब्दुल अझीझ विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात 1954मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सूट स्त्रियांसाठीची खास तरतूद म्हणून मान्य केली. वरून ती स्त्रीला मिळालेली सवलत वाटते. पण त्याच कलमात नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच घडत नसे. म्हणजे कायदा स्त्रीला जपत नव्हता. तिला नवऱ्याच्या मालकीची धरत होता. 27 सप्टेंबर 2018 रोजी जोसेफ शाइन खटल्यात पाच न्यायाधीशांनी एकमताने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. सवलतीचा वेश घातलेली विषमता ओळखायला 64 वर्षं लागली.

तिसरी जागा: नाव एकाचं, सत्ता दुसऱ्याची. राखीव प्रभागातून पत्नी निवडून येते आणि बैठकांत, फोनवर, कंत्राटांत पती बोलतो. ज्या घराकडे आधीच सत्ता होती ते घरच राखीव जागेवरही बसतं. यावर उपाय राखीव जागा काढून टाकणं नाही. निवडून आलेल्या स्त्रीच्या हाती खरा कारभार येईल असे नियम, प्रशिक्षण आणि मतदारांचा आग्रह हवा.

या तिन्ही ठिकाणी चूक समतेच्या तत्त्वात नाही. तत्त्वाचा प्रश्न मध्येच विचारायचा थांबवला, ही चूक आहे.

चौकट: वेगळी वागणूक दिसली की विचारायचे चार प्रश्न

- कशासाठी? या फरकाचा हेतू काय आणि तो हेतू सर्वांना सांगण्याजोगा आहे का?
- कुणासाठी? फायदा ज्याच्या नावाने आहे त्यालाच मिळतो का, की वाटेतच कुणी अडवतो?
- कुणाच्या वाट्यातून? झळ कुणाला बसते आणि त्याच्यासमोर कारण मांडता येतं का?
- कधीपर्यंत? मूळ खोट दुरुस्त झाली का हे कोण, केव्हा तपासणार?

चारही उत्तरं मिळाली तर ती न्याय्य सोय. उत्तरं टाळली गेली तर तो विशेषाधिकार, मग तो जुना असो की नवा.

आपल्याच इमारतीत

हे प्रश्न न्यायालयापुरते नाहीत. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या अनेक टॉवरांत घरकाम करणाऱ्या बायका आणि डिलिव्हरी देणारी मुलं यांना रहिवाशांची लिफ्ट वापरू दिली जात नाही. त्यांना सामानाच्या लिफ्टने जा म्हणतात. चार प्रश्न लावून बघा. फ्रिज आणि सिमेंटच्या गोणींसाठी वेगळी लिफ्ट असण्याला कारण आहे: जड सामानाने प्रवाशांची लिफ्ट बिघडू शकते. पण रिकाम्या हाताने वर जाणाऱ्या बाईला त्याच लिफ्टमध्ये पाठवण्याचं कारण काय? ‘पद्धत आहे’ हे उत्तर सोसायटीच्या सभेत उभं राहून, त्या बाईसमोर, मोठ्याने देता येईल का?

गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की लेडीज स्पेशलला भेदभाव म्हणणारे आणि या लिफ्टला शिस्त म्हणणारे पुष्कळदा तेच असतात. लेडीज डब्याचं कारण सांगता येतं, लिफ्टचं येत नाही. विसंगती शोधायचीच असेल तर ती इथे सापडते.

समतेचा युक्तिवाद स्वतःला खोडत नाही, पण तो मांडणाऱ्याला बांधून घेतो. जो इतरांच्या फायद्याचं कारण विचारतो त्याने आपल्या फायद्याचं कारणही देण्याची तयारी ठेवायला हवी. हा बोजा जड आहे. जातीच्या, घराण्याच्या, पैशाच्या जोरावर मिळणारा विशेषाधिकार हा बोजा कधीच उचलत नाही. तो फक्त ‘हे असंच चालत आलंय’ म्हणतो. समतेचा विचार मात्र आपल्याच तरतुदींना पुन्हापुन्हा तोच प्रश्न विचारतो, चुकलेल्या ठिकाणी दुरुस्ती मागतो आणि त्यासाठी न्यायालयाच्या, सभागृहाच्या, सोसायटीच्या सभेच्या दारात उभा राहतो. म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘समता हवी तर वेगळं का’ असं विचारलं, तर त्याला गप्प बसवू नका. कारण सांगा, त्याच्याकडूनही त्याच्या सवलतींचं कारण मागा आणि दोन्ही कारणं एकाच मापाने तपासा.